अंगरख्याचे अस्तर

बडोद्याची थंडी ती केवढी! दिवाळीनंतर पंखे थांबतात, उत्तरायणाला पतंगांबरोबर ती थोडी वर चढते आणि महाशिवरात्रीला 'शिव शिव' म्हणत निघून जाते. एवढ्याशा थंडीसाठी चार-पाच महिने जमिनीवर बसून गोधडी शिवावी, हा व्यवहार कोणत्याच हिशेबात बसणारा नाही. तरीही गेल्या वर्षी आमच्या घरी तो झाला. मुलगी जूनमध्ये शिक्षणासाठी पुण्याला जायची होती. तिची आजी, म्हणजे माझी आई, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी चष्मा पुसत म्हणाली, "पोर परक्या गावी निजणार. तिच्या अंगावर घरचं काही नको का?" बाजारात वजनाला हलकी आणि धुवायला सोपी पांघरुणे हवी तितकी मिळतात, हे मी सांगून पाहिले. "ती विकतची," एवढेच उत्तर मिळाले, आणि माळ्यावरची ट्रंक खाली आली.

या ट्रंकेवरून घरात जो प्रसंग घडला, तो पुढे सांगणारच आहे. पण आधी गोधडीविषयी चार शब्द सांगितले पाहिजेत. ज्या घरांत तीस-चाळीस वर्षांपूर्वी प्रत्येक अंथरुणावर एक गोधडी असे, त्याच घरांतल्या मुलांना आज ती कशी होते हे ठाऊक नसते. मलाही गेल्या वर्षापर्यंत नीटसे ठाऊक नव्हते.

पहिली गोष्ट म्हणजे गोधडी आणि रजई या दोन वेगळ्या वस्तू आहेत. रजईत कापूस असतो. पिंजारी तो पिंजतो, खोळीत भरतो आणि वरून मोठाले टाके घालतो. दोन-चार हिवाळ्यांत त्याचे गोळे होतात आणि पुन्हा पिंजाऱ्याची आठवण होते. गोधडीत कापसाचे बोंड नाही. तिथे कापडावर कापड आणि त्याच्यावर पुन्हा कापड, एवढाच कारभार असतो. थरांच्या मधे जी हवा अडकून राहते, तीच ऊब धरते. देशावर हिला गोधडी म्हणतात, कोल्हापूर-कोकणाकडे वाकळ. बेळगाव-धारवाडच्या कानडी घरांत ती कौदी होते, आमच्या गुजराती शेजारणी गोदडी किंवा धडकी म्हणतात, कच्छ-सिंधकडे रल्ली, बंगालात कांथा आणि बिहारात सुजनी. गंमत अशी की इथून दीड तासावर असलेल्या भडोचचीही 'सुजनी' प्रसिद्ध आहे. पण ती शिवीत नाहीत. मागावरच दुहेरी विणीत जातात आणि विणता विणता तिच्या चौकोनी कप्प्यांत कापूस भरतात. नाव एक, जात निराळी.

आपल्या घरांतल्या गोधडीचे माप लुगड्याने ठरवले. नऊवारी लुगडे म्हणजे सत्तावीस फूट कापड. त्याच्या चार घड्या घातल्या की लांबी पावणेसात फूट येते आणि रुंदी चार फुटांच्या आसपास असतेच. एका माणसाचे चार पदरी पांघरूण तयार! पण लुगडे धड असताना त्याची गोधडी कोणी करीत नसे. लुगडे आधी मधोमध विरते. विरलेला भाग कापून टाकायचा आणि दोन्हीकडची चांगली टोके एकमेकांना जोडायची, याला दांड घालणे म्हणत. दांडाचे लुगडे घरात नेसायचे, चार माणसांत जाताना दुसरे. पुढे दांडाच्या आजूबाजूलाही कापड विरले की त्याचे जुनेर झाले. जुनेरातून आधी बाळाची दुपटी आणि टोपडी निघत, उरलेले गोधडीत जाई, आणि गोधडीनेही मान टाकली म्हणजे तिचे पायपुसणे होई. नव्या बाळाच्या अंगाला पहिले कापड लागे ते आजीच्या नाहीतर पणजीच्या जुनेराचे. यात कंजूषपणा नव्हता. शेकडो वेळा धुतलेल्या सुती कापडात खळ उरत नाही, धाग्याचा ताठा उरत नाही. तितके मऊ कापड कोणत्याही दुकानात मिळत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. आईचे नियम कडक आहेत. जुन्यात नवे कापड घालायचे नाही. ते पहिल्या धुण्यात आटते आणि शेजारच्या जुन्या कापडाला ओढून फाडते. रेशीम घालायचे नाही. ते थरांत सरकते आणि घडीवर चिरते. जर तर मुळीच नाही. ती अंगाला टोचते आणि दोरा कापते. रंग जाणाऱ्या कापडाची परीक्षा आधीच करायची. ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहिले की ते आपले गुण सांगते.

मग एक मोठे जुनेर जमिनीवर अंथरायचे. चार कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, पाट, जे हाती लागेल ते वजन ठेवायचे आणि कापड ओढून सुरकुती काढायची. इथे राहिलेली सुरकुती शेवटपर्यंत राहते. त्यावर दुसरा थर, तिसरा थर. पाहण्यासारखे नसलेले तुकडे याच मधल्या थरांत जातात. थर हलू नयेत म्हणून लांब लांब कच्चे टाके घालून घ्यायचे. पक्की शिवण झाली की ते उसवून टाकतात. वरच्या थरात ठिगळांची मांडणी होते. प्रत्येक ठिगळाची कड आत मुडपायची, कारण उघडी कड दोन धुण्यांत दशा सोडते. आणि मग खरे काम सुरू होते ते धावदोऱ्याचे. कडेने एक फेरा पुरा करायचा, एका बोटाच्या अंतराने आत सरकून दुसरा, मग तिसरा, असे करीत शेवटी मध्यावर यायचे. दोरा हातभरच घ्यायचा. आळसाने लांब घेतला की गुंततो. गाठ थरांच्या पोटात लपवायची. आणि तिन्हीसांजेला सुई हातात धरायची नाही. याला कोणी शास्त्र म्हणावे, कोणी डोळ्यांची काळजी म्हणावी.

मी एके दिवशी सहज हिशेब मांडला. पावणेसात फूट लांब आणि चार फूट रुंद गोधडी, दोन फेऱ्यांत दोन सेंटीमीटर अंतर. तर सुईला सुमारे सव्वाशे मीटर वाट चालावी लागते. सेंटीमीटरला एक टाका धरला, तरी साडेबारा हजार टाके! हा आकडा आईला सांगितला तेव्हा तिने वर न पाहता विचारले, "मोजून काय करायचंय? पुढचा टाका मागच्याकडे बघून घालावा. बाकी आपोआप होतं." विद्यार्थ्यांना लयीविषयी मी रोज जे अर्धा तास समजावतो, ते तिने एका वाक्यात संपवले.

गोधडी पाहणारा माणूस ठिगळांचे कौतुक करतो. ही रंगसंगती, हे त्रिकोण, हा काठ! पण ठिगळे काही धरून ठेवीत नाहीत. धरून ठेवतो तो दोरा, आणि तो वापरून वापरून कापडात असा बुडतो की नीट दिसतही नाही.

तुकडे जोडून वस्त्र करण्याला आपल्या देशात दारिद्र्याची खूण मानले आहे, तसा मानही दिला आहे. बौद्ध भिक्षूंचे चीवर तुकडे जोडूनच करीत. मगधातली बांधांनी विभागलेली शेते दाखवून तशी चीवरे करवण्यास बुद्धाने आनंदाला सांगितले, अशी कथा विनयपिटकात आहे. आणि आपल्या शहरापुरते बोलायचे, तर १८७५ साली नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक येऊन गादीवर बसलेला बारा वर्षांचा गोपाळ शेतकरी घरातलाच होता. राजवाड्यातल्या गाद्यागिरद्यांवर निजण्यापूर्वी सयाजीराव महाराजांनी बालपणीच्या थंड्या गोधडीतच काढल्या असणार. पुढे १९१४ साली याच शहरात महाराणी चिमणाबाईंच्या नावाने स्त्री उद्योगालय निघाले आणि सुईदोरा हे मध्यमवर्गीय बाईच्या चार पैशांचे साधन झाले. आपल्या ओळखीच्या किती घरांतल्या आज्या-आत्यांनी त्या सुईवर संसार तोलून धरले, याची यादी कोणी केलेली नाही.

आता आमच्या ट्रंकेकडे येतो. तीत आजीचे एक जुनेर निघाले, नानांचे म्हणजे माझ्या वडिलांचे दोन सदरे, माझ्या शाळेतल्या दोन चड्ड्या, सौभाग्यवतीच्या वॉईलच्या साड्या, मुलीचे लहानपणीचे परकर. भांडीवालीने पूर्वीच यातले बरेच नेले असते. आईने प्रत्येक वेळी काही ना काही मागे काढून ठेवले होते, म्हणून ते वाचले. आणि सगळ्यांच्या तळाशी, पांढऱ्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला, नानांचा दरबारी अंगरखा. मोतिया रंगाचा, जरीच्या गोटाचा. आई म्हणाली, "हाही घेऊ या."

मी ताडकन 'नाही' म्हणालो.

याचे कारण सांगण्यासाठी थोडे घरचे सांगणे भाग आहे. नाना बडोदे संस्थानच्या कलावंत कारखान्यात गवई होते. 'कारखाना' हा शब्द ऐकून आजच्या मुलांना गिरणीचे भोंगे आठवतील. संस्थानी बोलीत तो खात्याला वापरीत. नानांची ही नोकरी जेमतेम तीन वर्षांची. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी ज्यांच्यामुळे हा दरबार गाण्यात गाजला, ते खाँसाहेब फैयाज खाँ याच शहरात पैगंबरवासी झाले. नानांनी त्यानंतरची जवळजवळ पन्नास वर्षे घरोघर शिकवण्या करून काढली. सकाळी एका पेठेत, संध्याकाळी दुसऱ्या, आणि सायकल पंक्चर झाली तर पायी. मी त्यांना उशिरा झालेला मुलगा. दरबार मी पाहिला नाही. मी पाहिले ते फीच्या पाकिटाची वाट बघणारे घर.

पण मिरवला तो दरबार. माझ्या गाण्याच्या वर्गात भिंतीवर अंगरख्यातल्या नानांचा फोटो आहे. 'दरबारी गवयाचे चिरंजीव' अशी माझी ओळख करून देतात, आणि ती मी कधी थांबवली नाही. दोन-तीन कार्यक्रमांत तो अंगरखा व्यासपीठावर खुंटीला अडकवून दाखवलाही आहे. पुढेमागे एखाद्या संग्रहालयाला द्यावा, शेजारी नानांच्या नावाची पाटी असावी, असे मनात होते. आणि आई त्याला कात्री लावायला निघाली होती!

"आई, तुला जुनेर काय आणि दरबारी पोशाख काय, सगळं सारखंच," असे मी बोलून गेलो. घरात सून होती, नात होती. आईने सुई उशीला टोचली, डबा बंद केला आणि झोपाळ्यावर जाऊन बसली. पुढचे दोन दिवस गोधडी कोपऱ्यात तशीच गुंडाळलेली राहिली. तिच्यावरून जाताना कोणी काही बोलत नव्हते.

तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तीच म्हणाली, "मला जर नको आहे रे. जर गोधडीत चालत नाही, हे तुला आधीच सांगितलंय. मला अस्तर हवंय. वरचा अंगरखा राहू दे तुझ्यापाशी."

यावर बोलायला जागा नव्हती. दुपारी गच्चीत उन्हाला बसून मी स्वतःच अस्तर उसवायला घेतले. म्हटले, निदान वरच्या कापडाला धक्का लागू नये. आत उत्तम मलमल असेल अशी माझी कल्पना होती. पाठीवरची शिवण सुटली आणि आतून जे दिसले ते हिरवट रंगाचे, धुऊन धुऊन पानासारखे पातळ झालेले सुती कापड होते. एका बाजूला त्याचा लाल काठ आत मुडपून दडवला होता. मधोमध एक दांड होता. ते लुगडे होते. आणि टाके? ते मी गेला महिनाभर रोज पाहत होतो. तांदळाच्या दाण्याएवढे, एकाला एक लागून.

मी खाली जाऊन ते आईपुढे धरले. तिने हातात घेऊन बोटांनी चाचपले. डोळ्यांपेक्षा आता तिचा भरवसा बोटांवर अधिक आहे.

"मूळचं अस्तर माझ्या लग्नाआधीच गेलं होतं," ती म्हणाली. "गाणाऱ्याचा घाम. वरून काही दिसत नाही, कापड आतून विरतं. हे दुसऱ्यांदा घातलेलं, तू व्हायच्या आधी. मलमल आणायला पैसे कुठं होते? हे माझं घरातलं लुगडं."

"नानांना ठाऊक होतं?"

"अंगाला लागतं ते अंगाला कळतं," ती म्हणाली, आणि कात्री मागितली.

तेव्हा मला एक जुनी गोष्ट आठवली. गणेशोत्सवात किंवा कोणाच्या पुण्यतिथीला गाणे असले की नाना तो अंगरखा घालीत. घरी आल्यावर तो ते स्वतः वाळत घालीत, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. आणि नेहमी उलटा, अस्तर बाहेर करून. उन्हाने जर काळी पडू नये म्हणून ते असे करतात, अशी आम्हा मुलांची समजूत होती. तसेही असेल. अस्तर नीट झटकून, त्यावरून हात फिरवून ते काही वेळ तिथेच उभे राहत, एवढे मात्र आठवते.

भिंतीवरच्या ज्या फोटोकडे बोट दाखवून मी विद्यार्थ्यांना दरबाराच्या गोष्टी सांगत आलो, तो फोटो मी जन्मण्यापूर्वी एका वर्षी गणेशोत्सवात काढलेला आहे. म्हणजे त्या अंगरख्याखाली आईचे लुगडे होते. दरबार तीन वर्षे पुरला. पुढच्या सगळ्या बैठकींना नाना जे अंगावर घालून बसले, ते आतून तिचे होते. माझी फीसुद्धा त्याच लुगड्यातून वाचली असेल. आणि तिला मी काय बोललो होतो!

आईने त्याबद्दल एक शब्दही काढला नाही. तिने ते हिरवे कापड गोधडीच्या मध्यावर ठेवले. "हे मधे," ती म्हणाली; "कडेच्या कापडाची ओढाताण फार होते, याला आता सोसणार नाही." त्याच्याभोवती आजीचे जुनेर आले, त्याबाहेर नानांचे सदरे, आणि कडेला मजबूत म्हणून माझ्या शाळेच्या चड्ड्यांचे खाकी कापड. त्या चड्ड्यांना एवढा मान मिळेल असे माझ्या मास्तरांना स्वप्नातही वाटले नसते.

एप्रिलपासून आईला दुपारनंतर दिसेनासे झाले. सौभाग्यवती कडेचे फेरे घालू लागली, आणि सुया ओवून देण्यापुरता बसलेला मी हळूहळू आतल्या फेऱ्यांना लागलो. माझे टाके सुरुवातीला कुठे ज्वारीएवढे, कुठे हरभऱ्याएवढे. आई त्यावरून बोट फिरवी आणि नेमक्या जागी थांबे. "इथं घाई झाली." खरेच त्या जागी मला वर्गाची वेळ आठवलेली असे. दोनदा उसवायला लावले. तालीम देताना नाना कधी इतके कडक नव्हते, असे मी म्हणताच ती पहिल्यांदा हसली. मधल्या हिरव्या कापडावरचे शेवटचे चार फेरे मात्र तिने कोणाला घालू दिले नाहीत. रोज सकाळी खिडकीपाशी ऊन येई तेवढाच वेळ, असे करीत तिने ते आठ दिवसांत पुरे केले. मेअखेर गोधडी झाली.

हे सारे सांगण्यात माझा एक स्वार्थी हेतू आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या माळ्यावर अशी ट्रंक असेल. तिच्यातले भरजरी कपडे कोणाचे, हे घरात सगळ्यांना पाठ असते. साध्या कापडांची हकीकत मात्र एखाद्याच म्हातारीला ठाऊक असते आणि ती आपण होऊन सांगत नाही. ट्रंक तिच्यासमोर उघडावी, एकेक तुकडा तिच्या हातात द्यावा आणि गप्प बसावे. गोधडी झाली तर उत्तमच. न झाली तरी वेळ वाया जाणार नाही.

मुलीने पुण्याला जाताना ती गोधडी पेटीत न घालता हातात घेतली. पावसाळ्यात तिचा फोन आला. खोलीतल्या मैत्रिणीला ती एकेक तुकडा दाखवीत होती आणि मधल्या हिरव्यापाशी अडली होती. "बाबा, हे आजीचं की नानांचं?" तिने विचारले. मी फोन आईच्या हातात दिला आणि बाहेर गेलो. दोघी बराच वेळ बोलत होत्या.

अंगरखा पुन्हा ट्रंकेत गेला आहे. पण अस्तर नसल्यामुळे तो आता घडीला राहत नाही, सरकतो. गोटाची जरही आतून मोकळी पडून कापडाला घासते. असा तो फार दिवस टिकणार नाही. त्याला अस्तर घालायला हवे. सौभाग्यवतीने आपली एक जुनी वॉईलची साडी त्यासाठी बाजूला काढून ठेवली आहे. या खेपेला शिवायला मी बसणार आहे. टाके आई तपासील.